लोणारच्या पाण्यापासून मुठेच्या गाळापर्यंत: औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचा शोध

लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप, कमरेत दुखणे अशी तक्रार घेऊन रुग्ण येतो. आम्ही लघवी कल्चरला पाठवतो. दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट येतो. त्यात औषधांची लांबलचक यादी असते आणि प्रत्येक औषधापुढे एक अक्षर. 'एस' असेल तर त्या औषधाने हा जंतू मरतो. 'आर' असेल तर मरत नाही. गेल्या काही वर्षांत या 'आर'ची रांग लांबत चालली आहे. रिपोर्ट समजावून सांगितला की रुग्ण हमखास एक प्रश्न विचारतात, आणि तो अगदी रास्त असतो.

"डॉक्टर, यातली निम्मी औषधे मी जन्मात घेतलेली नाहीत. मग माझ्या अंगातला जंतू त्यांना दाद का देत नाही?"

'तुम्ही मागे गोळ्या अर्धवट सोडल्या असतील' हे नेहमीचे उत्तर इथे लागू पडत नाही. खरे उत्तर शोधायला जिवाणूंच्या जनुकांचा अभ्यास करावा लागला. त्या अभ्यासात पुण्यातील एका प्रयोगशाळेचा आणि तिथे घडलेल्या एका मराठी शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. त्या प्रयोगशाळेची एक वाट आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणारला येऊन गेली आहे. म्हणून आज हा इतिहास सांगतो.

लोणारमध्ये काय शोधले?

लोणारचे सरोवर आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेले असते. उल्का आदळून बेसॉल्ट खडकात झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. त्यातले पाणी खारट आहे आणि त्याचा पीएच १० च्या आसपास आहे, म्हणजे जवळपास साबणाच्या पाण्याइतका. आपल्या ओळखीचे बहुतेक जीव अशा पाण्यात तग धरत नाहीत. पण काही सूक्ष्मजीवांना नेमके तेच पाणी मानवते. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले तेव्हा आपण सगळ्यांनीच ते वर्तमानपत्रांत पाहिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले आणि तो रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा असल्याचे सांगितले.

या सूक्ष्मजीवांची शास्त्रीय मोजदाद मात्र त्याच्या बरीच आधी झाली होती. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस, येथील डॉ. योगेश शौचे, आघारकर संस्थेचे डॉ. दिलीप रानडे आणि त्यांचे सहकारी यांनी लोणारचा गाळ नेऊन अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी वापरलेली पद्धत समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे.

जंतू ओळखण्याची जुनी पद्धत म्हणजे कल्चर. काचेच्या बशीत जंतूंना खाद्य द्यायचे, ऊब द्यायची आणि वाढू द्यायचे. आजही लघवी किंवा रक्त आम्ही असेच तपासतो. पण निसर्गातले बहुसंख्य जिवाणू बशीत वाढतच नाहीत. शंभरातला एखादा वाढला तरी पुष्कळ. उरलेले आहेत हे कळणार कसे? त्यासाठी दुसरी युक्ती निघाली. जिवाणू वाढवायचाच नाही. गाळात जे काही आहे त्या सगळ्यातून डीएनए काढायचा आणि तो वाचायचा. प्रत्येक जिवाणूत '१६ एस' नावाचे एक जनुक असते. त्यातल्या अक्षरांच्या क्रमावरून तो जिवाणू कोणत्या कुळातला हे कळते. आधार कार्डासारखेच समजा. माणूस समोर नसला तरी कार्डावरून तो कोण ते कळते. लोणारच्या गाळात याच पद्धतीने डोकावून पाहिले गेले.

शौचे यांच्या पुढाकाराने पुण्यात जिवाणूंचा एक मोठा संग्रहही उभा राहिला. देशभरातून आणलेले लाखाहून अधिक सूक्ष्मजीव तिथे जतन केले आहेत. २०११ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. एखाद्या संशोधकाला नवा जिवाणू सापडला तर तो इथेही ठेवता येतो.

एका छपराखालच्या तीन पिढ्या

याच प्रयोगशाळेत नचिकेत मराठे हे संशोधक काम करत होते. त्यांच्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला, आपल्याकडच्या वाचकांना आवडेल असा आहे. वयाप्रमाणे माणसाच्या आतड्यातले जिवाणू बदलतात का, हा प्रश्न होता. पण वेगवेगळ्या घरांतली माणसे घेतली तर खाणेपिणे वेगळे, पाणी वेगळे. मग फरक वयाचा की स्वयंपाकाचा, हे कसे ठरवणार? संशोधकांनी दोन एकत्र कुटुंबे निवडली. आजोबा, मुलगा, नातू एकाच छपराखाली राहणारे, एकाच चुलीवरचे जेवणारे. त्यांच्या शौचाच्या नमुन्यांतला डीएनए तपासला. वयाप्रमाणे जिवाणूंच्या मुख्य गटांचे प्रमाण बदलत जाते असे दिसले.

या अभ्यासात प्रतिजैविकांचा विषय नव्हता. पण एक गोष्ट इथे लक्षात ठेवा. आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू कायम मुक्कामाला असतात. ते आजार करत नाहीत, म्हणून आपल्याला त्यांची खबर नसते. रुग्णाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर याच मुक्कामी मंडळींमध्ये दडलेले आहे.

प्रतिकार औषधापेक्षा जुना आहे

पुढे जाण्याआधी एक गैरसमज दूर करू. 'माणसाने औषधे काढली आणि मग जंतू त्यांना सरावले' असे आपण समजतो. हे पूर्ण खरे नाही. पेनिसिलिन माणसांवर नीट वापरात येण्याआधीच, १९४० मध्ये, ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि चेन यांनी पेनिसिलिन तोडून टाकणारे विकर जिवाणूत असल्याचे दाखवले होते. २०११ मध्ये कॅनडातील युकॉन भागातल्या ३०,००० वर्षे गोठलेल्या मातीतून डीएनए काढला गेला. त्यातही पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन आणि व्हॅन्कोमायसिनला विरोध करणारी जनुके होती. तेव्हा ना दवाखाने होते, ना मेडिकल स्टोअर.

याचे कारण सोपे आहे. आपली बरीचशी प्रतिजैविके मुळात मातीतल्या बुरशीने आणि जिवाणूंनीच तयार केलेली आहेत. हल्ल्याचे हत्यार जितके जुने, तितकीच बचावाची ढालही जुनी. ती ढाल कुठल्या तरी रानातल्या मातीत पडून होती. तिच्यामुळे कुणाचे काही बिघडत नव्हते.

मग बिघडले कुठे? जिवाणूंची एक सवय आहे. ते आपली जनुके शेजाऱ्याला देतात, आणि तो शेजारी आपल्याच जातीचा असावा लागत नाही. आपल्याकडे शेजारीण वाटीभर विरजण मागून नेते तसे समजा. देणाऱ्याचे दही काही कमी होत नाही आणि घेणाऱ्याच्या घरी पातेलेभर दही लागते. प्रतिकाराचे जनुकही असेच हातोहात पसरते. त्यात आणखी एक सोय जिवाणूंनी करून ठेवली आहे, तिला इंटिग्रॉन म्हणतात. गोठ्यात एका दावणीला पाच-सहा गुरे बांधलेली असतात, तशी इंटिग्रॉनमध्ये अनेक औषधांना विरोध करणारी जनुके ओळीने बांधलेली असतात. दावणच दुसऱ्या गोठ्यात गेली की सगळी गुरे एकदम जातात. म्हणून एका औषधाच्या वापराने त्याच्याशी काही संबंध नसलेल्या दुसऱ्या चार औषधांचाही प्रतिकार वाढू शकतो.

रुग्णाच्या प्रश्नाच्या उत्तराचा हा पहिला भाग झाला. औषध तुम्ही घेतलेच पाहिजे असे नाही. जनुक आयते मिळू शकते.

पाटणचेरूचे सांडपाणी

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे औषधांचा कच्चा माल बनवणारे अनेक कारखाने आहेत. २००७ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातील योआकिम लार्सन यांनी तिथले एक धक्कादायक मोजमाप प्रसिद्ध केले. सुमारे ९० कारखान्यांचे सांडपाणी ज्या केंद्रात शुद्ध केले जाई, तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण एका लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. तुलनेसाठी सांगतो. सिप्रोची ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतल्यावर रुग्णाच्या रक्तात एका लिटरला साधारण २ ते ३ मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे रुग्णाच्या रक्तापेक्षा कितीतरी जास्त औषध त्या पाण्यात होते. एका दिवसात वाहून गेलेले सिप्रो अख्ख्या स्वीडनला पाच दिवस पुरले असते.

अशा पाण्यात कोणते जिवाणू राहत असतील? पुण्याची एनसीसीएस आणि गोथेनबर्गचा गट यांनी मिळून हे पाहिले. मराठे या अभ्यासाचे पहिले लेखक होते. सांडपाणी केंद्रातून ९३ जिवाणू वेगळे करून त्यांच्यावर ३९ प्रतिजैविके वापरून पाहिली. २०१३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. त्यातले ८६ टक्के जिवाणू २० किंवा त्याहून जास्त औषधांना दाद देत नव्हते. बहुतेकांच्या अंगात वर सांगितलेली दावण, म्हणजे इंटिग्रॉन होते.

हे जिवाणू कुणा रुग्णाच्या शरीरात तयार झाले नव्हते. त्यांना औषधाची सवय सांडपाण्याने लावली होती.

मुंबईतून आलेला इशारा

त्याच सुमारास दवाखान्यांतही चित्र बदलत होते. कार्बापेनेम ही प्रतिजैविके आम्ही अतिदक्षता विभागातल्या अत्यवस्थ रुग्णांसाठी राखून ठेवतो. मेरोपेनेम हे त्यांतले नाव काही नातेवाइकांनी बिलावर वाचले असेल. या औषधांना तोडणारे एनडीएम-१ नावाचे विकर २००९ मध्ये प्रथम नोंदवले गेले. स्वीडनमधील तो रुग्ण त्याआधी नवी दिल्लीत उपचार घेऊन गेला होता. मार्च २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील पायल देशपांडे, कॅमिला रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी आपल्या अनुभवाचा अहवाल भारतीय फिजिशियन संघटनेच्या नियतकालिकात छापला. कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या २४ जिवाणूंपैकी २२ जिवाणूंत एनडीएम-१ सापडले होते. वर्षभराने, २०११ मध्ये, दिल्लीतील नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत तेच जनुक मिळाले. त्याचा मुक्काम आता रस्त्याकडेच्या डबक्यापर्यंत आला होता.

मुठेच्या गाळात काय होते?

मराठे पुढे गोथेनबर्गला लार्सन यांच्या गटात गेले. तिथून त्यांनी आपले पुणेच पुन्हा अभ्यासाला घेतले. पाटणचेरूत औषधांचे कारखाने होते. पण जिथे असे कारखाने सांडपाणी सोडत नाहीत, फक्त माणसांची वस्ती आहे, तिथे काय परिस्थिती असेल? त्यासाठी मुठा नदी सोयीची होती. सह्याद्रीतून येताना तुलनेने स्वच्छ, आणि शहरातून जाताना शुद्ध न केलेले किंवा अर्धवट शुद्ध केलेले मैलापाणी पोटात घेणारी.

शहराच्या वरच्या अंगाचा आणि शहरातला, असा दोन्हीकडचा गाळ घेतला. या वेळी फक्त '१६ एस'चे ओळखपत्र नाही, तर गाळातला सगळाच डीएनए तुकड्या-तुकड्याने वाचला. या पद्धतीला मेटाजीनोमिक्स म्हणतात. कोण कोण आहे एवढेच नाही, तर कुणाकडे कोणती हत्यारे आहेत हेही तिच्यातून कळते. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

गाळात एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारी १७५ प्रकारची प्रतिकार-जनुके सापडली. त्यांत एनडीएमसह कार्बापेनेम तोडणारी अनेक जनुके होती. शहरातल्या गाळात अशा जनुकांचे एकूण प्रमाण वरच्या अंगापेक्षा ३० पट होते. ॲसिनेटोबॅक्टर हा जिवाणू अतिदक्षता विभागात आम्हाला फार छळतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या छातीत तो शिरला की औषधे निवडणे अवघड होते. शहरातल्या गाळाच्या काही नमुन्यांत हा एकटाच एकूण जिवाणूंच्या २९ टक्क्यांपर्यंत होता.

आणखी एक नोंद विचार करायला लावणारी आहे. कोलिस्टिन हे अगदी शेवटचा उपाय म्हणून वापरायचे औषध. त्याला निकामी करणारे एमसीआर-१ हे जनुक या अभ्यासात शहरात नाही, तर शहराच्या वरच्या अंगाच्या एका नमुन्यात सापडले. म्हणजे गावाकडची बाजू निर्धास्त आहे असे समजण्याचे कारण नाही. कोलिस्टिन कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यातही वापरले जाई. भारत सरकारने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली.

२०१९ मध्येच मराठे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतील एका रुग्णालयाच्या सांडपाण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शंभराहून अधिक प्रकारची प्रतिकार-जनुके होती. शिवाय तोपर्यंत कुठल्याही रुग्णात न आढळलेली, कार्बापेनेम तोडणारी काही नवी जनुकेही होती. उद्या दवाखान्यात कोण येणार आहे, ते आज गटारात दिसू शकते, असा त्याचा अर्थ.

औषधामुळे की मैल्यामुळे?

आता एक महत्त्वाचा प्रश्न उरतो. मुठेत ही जनुके वाढली ती नदीतल्या औषधांच्या अंशामुळे, की माणसांच्या मैल्याबरोबर ती नुसती वाहून आली?

लार्सन यांच्याच गटाने २०१९ मध्ये याची उकल केली. माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंवर जगणारा क्रॅसफाज नावाचा एक विषाणू आहे. तो पाण्यात किती आहे यावरून पाण्यात मानवी मैला किती मिसळला ते कळते. अनेक ठिकाणचा डीएनए तपासल्यावर दिसले की बहुतेक जागी मैला जितका जास्त, तितकी प्रतिकार-जनुके जास्त. अपवाद होता तो औषध कारखान्यांच्या सांडपाण्याने भरलेल्या गाळाचा. तिथे मैल्याच्या मानाने जनुके फारच जास्त होती.

म्हणजे वाटा दोन. पाटणचेरूसारख्या ठिकाणी औषधाच्या माऱ्याखाली प्रतिकार तिथल्या तिथे वाढतो. आणि बहुतेक गावांत, शहरांत तो आपल्याच पोटातून बाहेर पडतो, उघड्या नाल्यातून पाण्यात जातो आणि पाण्यातून, भाजीतून, न धुतलेल्या हातांतून दुसऱ्याच्या पोटात शिरतो.

हे खरोखर किती सहज घडते, हे स्वीडनमधील एका अभ्यासात दिसले. २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. परदेश प्रवासाला निघालेल्या १०० निरोगी लोकांचे शौचाचे नमुने प्रवासाआधी आणि नंतर तपासले. जाताना त्यांच्या आतड्यात ईएसबीएल प्रकारचे, म्हणजे अनेक नेहमीच्या औषधांना न जुमानणारे, जिवाणू नव्हते. परतल्यावर २४ जणांत ते होते. भारतात येऊन गेलेल्या ८ जणांपैकी ७ जण ते घेऊन गेले. हे लोक इथे थोडे दिवस राहिले, जेवले, पाणी प्यायले. आपण तर इथे जन्मभर राहतो.

आता रुग्णाच्या प्रश्नाचे उत्तर पुरे होते. ती औषधे तुम्ही घेतली नव्हती हे खरे. ती दुसऱ्या कुणी तरी घेतली. त्याच्या पोटातल्या जिवाणूंतून जनुके पाण्यात गेली आणि तिथून तुमच्या आतड्यात आली. तिथे काही त्रास न देता राहिली. मग एक दिवस तोच जिवाणू लघवीच्या मार्गात शिरला आणि रिपोर्टवर 'आर' उमटला. दोष तुमच्या सवयीचा असेलच असे नाही. तो आपल्या सगळ्यांच्या गटाराचा आहे.

२०१८ मध्ये अनेक देशांच्या आकडेवारीची तुलना करणाऱ्या एका अभ्यासाचा निष्कर्षही याच बाजूचा होता. देशात औषधांचा खप किती, यापेक्षा तिथली स्वच्छता, सांडपाण्याची व्यवस्था आणि कारभार कसा आहे, याचा प्रतिकाराशी जास्त संबंध दिसला. यामुळे औषधे बेताने वापरायचा नियम रद्द होत नाही. पण नुसत्या त्या नियमावर भागणार नाही.

नॉर्वेच्या गटारापर्यंत

मराठे यांनी पुढे नॉर्वेतील बर्गन शहरातल्या सागरी संशोधन संस्थेत काम सुरू केले. नॉर्वे हा प्रतिजैविके अतिशय जपून वापरणारा देश. तरीही तिथल्या समुद्रातल्या शिंपल्यांत त्यांच्या गटाला औषधांना न जुमानणारा क्लेबसिएला जिवाणू सापडला. बर्गनच्या मैलापाण्यातल्या ई-कोलाय जिवाणूंवरचा त्यांचा २०२१ चा अभ्यास आपल्याला उपयोगी आहे. मैलापाण्यातल्या जिवाणूंमध्ये प्रतिकाराचे जे चित्र दिसले, ते तिथल्या दवाखान्यांतल्या रुग्णांच्या चित्राशी जुळत होते. माणसाची तब्येत कळायला रक्त-लघवी तपासतात. तशी गावाची तब्येत कळायला गावाचे मैलापाणी तपासता येते, तेही एकाही माणसाला सुई न टोचता.

लोणारच्या गाळातला डीएनए वाचायला सुरुवात झाली तेव्हा तो निव्वळ कुतूहलाचा विषय वाटला असेल. पण तीच विद्या पुढे घर, कारखाना, नदी, रुग्णालय असा प्रवास करत आज रुग्णाच्या खाटेपाशी आली आहे.

हे आपल्यासाठी का महत्त्वाचे?

२०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज २०२२ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केला. सिझेरियन, हर्नियाचे ऑपरेशन, कॅन्सरची केमोथेरपी, अपुऱ्या दिवसांच्या बाळाची काळजी, हे सगळे प्रतिजैविकांच्या भरवशावर चालते. तो भरवसा गेला तर साधे ऑपरेशनही जोखमीचे होईल.

म्हणून या गोष्टी पाळा.

१. सर्दी, पडसे, साधा खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो. त्यावर ॲझिथ्रोमायसिन किंवा सेफिक्झिम चालत नाही. विषाणू मरत नाही, पण आतड्यातले बिचारे साधे जिवाणू मरतात आणि दांडगे तेवढे उरतात.

२. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक घेऊ नका. सेफिक्झिमसारखी अनेक औषधे 'शेड्यूल एच-१' मध्ये आहेत. २०१४ पासून ती चिठ्ठीवरच द्यायची आणि नोंद ठेवायची असा नियम आहे. पाकिटावरची उभी लाल रेघ तेच सांगते.

३. डॉक्टरांनी सांगितलेला डोस आणि दिवस पाळा. उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारासाठी ठेवू नका, शेजाऱ्याला देऊ नका, मोरीत किंवा संडासात टाकू नका.

४. डॉक्टरांनी कल्चर सांगितले असेल तर नमुना शक्यतो पहिली गोळी घेण्याआधी द्या. जुने रिपोर्ट जपून ठेवा आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.

५. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. उन्हाळ्यात टँकरचे पाणी येते तेव्हा ते उकळून प्या. उकळीने औषधाला न जुमानणारा जिवाणूही मरतो. त्याला ती ढाल उपयोगी पडत नाही. कच्च्या खाण्याची भाजी, काकडी, कोथिंबीर स्वच्छ पाण्यात नीट धुवा.

६. सेप्टिक टँकचा उपसा नाल्यात किंवा शेताकडेच्या ओढ्यात सोडू देऊ नका. आपले नाले शेवटी पैनगंगेला किंवा पूर्णेला जाऊन मिळतात आणि खालच्या गावाचे पिण्याचे पाणी तिथूनच येते. नगरपालिकेच्या, ग्रामपंचायतीच्या सभेत रस्त्याबरोबर मैलापाणी शुद्धीकरणाचाही प्रश्न विचारा. तो आरोग्याचाच प्रश्न आहे.

७. गुरांना, कोंबड्यांना पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय प्रतिजैविक देऊ नका.

८. लसी वेळेवर घ्या. टायफॉइडची किंवा न्यूमोनियाची लस संसर्गच टाळते. संसर्ग झाला नाही तर औषधाची गरज पडत नाही.

शेवटी एक खुलासा. हे वाचून प्रतिजैविकांची धास्ती घेऊ नका. न्यूमोनिया, टायफॉइड, मूत्रपिंडापर्यंत गेलेला संसर्ग, रक्तात पसरलेले जंतू, यांत हीच औषधे जीव वाचवतात आणि उशीर महागात पडतो. थंडी वाजून ताप, धाप लागणे, लघवी कमी होणे, बोलण्यात असंबद्धपणा येणे असे काही दिसले तर घरी थांबू नका, लगेच दवाखान्यात या. गरज असेल तेव्हा औषध बिनधास्त घ्या. गरज नसेल तेव्हा ते उद्याच्या रुग्णासाठी राखून ठेवा. तो रुग्ण आपल्याच घरातला असू शकतो.